कंडोम निवडताना आधी माप, चव सगळ्यात शेवटी

कोल्हापुरात महाद्वार रोडला घ्या नाहीतर राजारामपुरीत, मेडिकलच्या काउंटरवर कंडोम मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘‘फ्लेवर कुठला?’’ चॉकलेट, स्ट्रॉबेरी, कॉफी, पान. मापाचं ना दुकानदार विचारत, ना गिऱ्हाईक. मागे रांगेत ओळखीचं कोणी उभं नाही ना, या काळजीत पाकीट कागदात गुंडाळून खिशात जातं आणि निवड संपते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली; तो वर्तमानपत्राचा कागद मात्र अजून सुटलेला नाही.

‘कंडोम फाटतो’, ‘निसटतो’, ‘मजाच जाते’, ‘तिला जळजळ होते’ या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा ही उलटी निवड असते. आधी माप बघायचं, मग वंगण, मग तो कशाचा बनलाय ते. जाडी, ठिपके आणि चव हे सगळं त्यानंतर.

माप कसं घ्यायचं

कंडोमच्या मापात लांबी फारशी महत्त्वाची नसते. नेहमीचा कंडोम उलगडला की १७ ते १९ सेंटिमीटर भरतो आणि जास्तीचा भाग बुडाशी गुंडाळलेलाच राहतो. खरा प्रश्न घेराचा.

शिवणकामाची मऊ टेप घ्या. ती नसेल तर न ताणणारा दोरा किंवा कागदाची अरुंद पट्टी चालते. लिंग पूर्ण ताठर असताना मधल्या दांड्याभोवती, जिथे सगळ्यात जाड वाटतं तिथे, टेप गुंडाळा. आवळायची नाही, फक्त टेकवायची. दोरा असेल तर जिथे टोक जुळतं तिथे खूण करून तो फूटपट्टीवर मोजा. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून मधला आकडा धरा, कारण ताठरपणा रोज सारखा नसतो.

आता पाकिटाची मागची बाजू बघा. काही कंपन्या तिथे रुंदी मिलिमीटरमध्ये छापतात. ही रुंदी म्हणजे कंडोम सपाट पसरल्यावरची. घेर तिच्या दुप्पट. म्हणजे ५३ मिमी लिहिलेल्या कंडोमचा न ताणलेला घेर १०६ मिमी, साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास. तो तुमच्या घेरापेक्षा थोडा कमीच हवा, कारण ताणून बसल्याशिवाय तो पकड घेत नाही. ढोबळ हिशेब असा: घेर १० ते ११ सेंटिमीटर असेल तर ४९ मिमी, ११ ते १२ असेल तर ५२-५३, १२ च्या वर असेल तर ५५-५७. दोन मापांच्या सीमेवर असाल तर दोन्ही वापरून बघा. ५२ आणि ५३ मधल्या फरकावर डोकं खपवू नका. आयएसओ ४०७४ या आंतरराष्ट्रीय मानकातच लिहिलेल्या रुंदीत २ मिमी इकडेतिकडे चालतं.

रुंदी छापलेली नसेल तर एक कंडोम खर्ची घाला. तो पूर्ण उलगडा, टेबलावर सपाट ठेवा आणि तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर वर फूटपट्टीने मोजा. मोजलेला मग वापरायचा नाही.

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक कंडोम ५२-५३ मिमीचे असतात. ४९ चे शोधले तर सापडतात, मोठ्या मापासाठी बहुधा ऑनलाइनच जावं लागतं. ‘लार्ज’ या शब्दाला भुलायचं कारण नाही. वेगवेगळ्या देशांतली मापं एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताठर लिंगाचा सरासरी घेर ११.६६ सेंटिमीटर आला. म्हणजे पुष्कळांना मधलं मापच बसतं. ज्यांना बसत नाही त्यांच्यात काही कमीजास्त आहे असं नाही, फक्त पाकीट दुसरं हवं.

बसलाय की नाही हे कसं ओळखायचं? बुडाशी लाल वळ उठला, बधिरपणा आला, गुंडाळताना जोर लावावा लागला किंवा घालताच ताठरपणा उतरला, तर घट्ट आहे. सुरकुत्या पडल्या, हालचालीत वर सरकला किंवा बाहेर येताना आत राहू लागला, तर सैल. चप्पल लाईनला घेतलेली कोल्हापुरी पहिले चार दिवस चावते, तेल लावून घातली की पायाला बसते. कंडोमचं अगदी उलटं आहे: घट्ट असलेला वापरून सैल होत नाही, आणि तेल लावलं तर फाटतो.

वंगण

बहुतेक कंडोम लॅटेक्सचे असतात. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तेलाने ते फुगतं, मऊ पडतं आणि ताकद गमावतं, तेही काही मिनिटांत. डोळ्यांना काही दिसत नाही. हाताला उलट जास्त गुळगुळीत लागतं. म्हणून खोबरेल, तूप, लोणी, बेबी ऑइल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, बॉडी लोशन यांतलं काहीही लॅटेक्सच्या जवळ नको. मालिश करून हात तेलकट झाले असतील तर साबणाने धुवून मगच पाकीट फोडा. हात धुवायला दुसरंही एक कारण आहे, आणि ते आपल्या भागात विसरून चालणार नाही. कांदा-लसूण मसाला कालवलेली बोटं नुसत्या पाण्याने साफ होत नाहीत. तिखट कंडोमवर लागलं की दोघांचीही रात्र वाया.

मेडिकलमध्ये ‘वॉटर बेस्ड जेल’ मागा. पाण्यावर आधारलेली आणि सिलिकॉनची, दोन्ही जेल लॅटेक्सला चालतात. पाण्याची जेल लवकर सुकते, मधेच पुन्हा लावावी लागते, पण धुऊन जाते. सिलिकॉनची जास्त वेळ टिकते, चादरीला मात्र डाग पाडते. थुंकी तात्पुरती ओल देते, मिनिटाभरात सुकते आणि घर्षण पुन्हा सुरू होतं.

प्रमाण असं: कंडोमच्या टोकाच्या आत एक थेंब. त्याने आतून घसरण वाढते आणि पुरुषाला स्पर्श जास्त जाणवतो. दोन-तीन थेंब टाकले तर कंडोमच निसटतो. बाहेरून मात्र हात आखडू नका. छोटा चमचाभर घ्या आणि कोरडं वाटलं की पुन्हा लावा. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना, पाळी जाताना, काही औषधांमुळे किंवा नुसत्या ताणामुळेही योनी कोरडी राहते. त्याचा अर्थ बाईला इच्छा नाही असा लावू नये. गुदमैथुनात शरीराचं स्वतःचं वंगण नसतं, तिथे जेल दुपटीने लागते. तिथून योनीकडे यायचं असेल तर कंडोम बदलल्याशिवाय नाही.

आणखी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. योनीतल्या बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या किंवा क्रीम आत ठेवायला देतात. अशा औषधांनी लॅटेक्स कमजोर होऊ शकतं. उपचार चालू असताना कंडोमवर विसंबू नका, आणि कोर्स संपल्यावर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

कशाचा बनलाय

दुकानातले जवळजवळ सगळे कंडोम लॅटेक्सचे. ते बहुतेकांना चालतात. वापरल्यावर दोघांपैकी कोणालाही दर वेळी खाज, लाली, सूज किंवा पुरळ येत असेल तर लगेच ‘ॲलर्जी’ म्हणू नका. आधी गुन्हेगार शोधा. चव आणि वास असलेला सोडून साधा घ्या. वेळ लांबवणारा वापरत असाल तर तो बंद करा. बाहेरची जेल बदला. एवढं करूनही त्रास तसाच राहिला तर लॅटेक्सवर संशय घ्यायचा. रबरी हातमोज्यांनी हाताला पुरळ येत असेल, फुगा फुगवताना ओठ सुजत असतील, किंवा केळं, पपई, किवी खाल्ल्यावर तोंडात खाज येत असेल तर तो संशय पक्का होतो. श्वास अडकणं, चेहरा सुजणं असं काही झालं तर प्रयोग थांबवून दवाखाना गाठा.

लॅटेक्स चालत नसेल तर पॉलिआयसोप्रीनचे कंडोम घ्या. मोठ्या मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन ‘नॉन-लॅटेक्स’ म्हणून मिळतात. मऊ असतात, रबराचा वासही येत नाही, पण किंमत जास्त. तेल त्यांनाही चालत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तेल पॉलियुरेथेनला चालतं; ते लॅटेक्सइतकं ताणत नाही, त्यामुळे माप चुकलं तर लवकर फाटतं. बाईने आत बसवायचा कंडोमही असतो, नायट्राइलचा. शोधावा लागतो, पण पुरुषाच्या ताठरपणाची वाट न बघता आधीच बसवता येतो. बाईचा आणि पुरुषाचा मिळून मात्र दोन वापरायचे नाहीत, एकमेकांवर घासून फाटतात. पुरुषाने एकावर एक दोन चढवणं हाही त्याच जातीचा शहाणपणा.

पातळ, ठिपके, ‘लाँग लास्ट’

नेहमीचा कंडोम ०.०६ ते ०.०७ मिमी जाड असतो, ‘अल्ट्रा थिन’ ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी. पातळ म्हणजे कच्चा, असं नाही. आयएसओ ४०७४ या मानकात ५० ते ५६ मिमी रुंदीच्या कंडोमने फुटण्याआधी किमान १८ लिटर हवा धरली पाहिजे, म्हणजे घरातली मोठी बादली भरेल एवढी. पाणी भरून गळतीही तपासतात. पातळ फाटतो तो कोरडेपणाने किंवा चुकीच्या मापाने. माप जमलेलं नसेल तर पातळ घेऊन काही साधणार नाही. आणि माप जमलं की ‘जाणवतच नाही’ ही तक्रार निम्मी तिथेच मिटते.

ठिपके आणि रेघा बाहेरून असतात, म्हणजे त्या जोडीदारासाठी. काही बायकांना आवडतात, काहींना सरळ टोचतात. हा निर्णय तिचा आहे, काउंटरवर उभ्या असलेल्याचा नाही.

चवीचे कंडोम मुखमैथुनासाठी आहेत. तिथे रबराची चव झाकायला ते खरंच उपयोगी पडतात. योनीसाठी त्याच वेळी साधा नवा चढवा. गोडवा आणि सुगंधाची रसायनं आत गेली की काही जणींना जळजळ होते, बुरशी बळावते.

वेळ लांबवणाऱ्या कंडोममध्ये टोकाच्या आत बेंझोकेन असतं. दात काढताना वापरतात त्याच जातीचं बधिर करणारं औषध. शीघ्रपतनाचा त्रास असलेल्याला ते कामाला येतं. बाकीच्यांना त्याने काहीच जाणवत नाही, मग ताठरपणाही जातो. असा कंडोम उलटा चढवला की बेंझोकेन बाहेरच्या बाजूला येतं आणि जोडीदार बधिर होते. बधिर झालेल्या बाईला दुखलेलंही कळत नाही. नुसता उत्सुकतेपोटी घ्यायचा हा प्रकार नाही.

पाकिटावर नोनोक्सिनॉल-९ दिसलं तर ते ठेवून द्या. हे शुक्रजंतू मारणारं रसायन वारंवार वापरल्याने योनीच्या आणि गुदाच्या अस्तराला इजा करतं, त्यामुळे एचआयव्हीचा धोका उलट वाढतो.

विकत घेताना आणि ठेवताना

पहिल्यांदा मोठा बॉक्स घेऊ नका. तीन-तीनची दोन-तीन वेगळी पाकिटं घ्या: एक ४९ चं, एक ५३ चं, एक पातळ. सरकारी दवाखान्यात, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात, नागरी आरोग्य केंद्रात निरोध फुकट मिळतो, गावात आशाताईंकडे मिळतो. फुकटचा म्हणून तो हलका नसतो. माप बसत असेल तर खुशाल वापरा. दुकानात विचारायला जीभ रेटत नसेल तर मोबाइलवर पाकिटाचा फोटो दाखवा. बाईनेही विकत घ्यावा. पर्समध्ये कंडोम ठेवणारी बाई फक्त पुढचा विचार करून बाहेर पडलेली असते.

मुदत संपल्याची तारीख बॉक्सवर असते तशी प्रत्येक पुडीवरही असते. पुडी बोटांनी दाबा. आत हवेची उशी लागली पाहिजे. चपटी, चिकट किंवा कोपऱ्यात फाटलेली असेल तर टाकून द्या. उघडल्यावर कंडोम कोरडा, ताठ किंवा रंग बदललेला निघाला तर तोही टाकून द्यायचा.

उष्णता हा लॅटेक्सचा मोठा शत्रू. एप्रिल-मे महिन्यात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी किती तापते हे हात लावलेल्याला माहीत आहे. तिथे ठेवलेलं पाकीट तारीख शिल्लक असली तरी वापरू नये. पैशाच्या पाकिटात तर दुहेरी मार: अंगाची ऊब आणि बसताना होणारी घासाघीस. पन्हाळ्याला किंवा कोकणात निघालात तर चष्म्याच्या किंवा छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून बॅगेत ठेवा. घरी कपड्यांच्या कपाटात उत्तम.

घालायची रीत

पहिला नवा कंडोम एकट्याने घालून बघा. दिवा लावून, घाई न करता. जोडीदारासमोर पहिल्यांदाच धडपडलं की ताठरपणा जातो आणि दोष कंडोमला लागतो.

लिंगाचा योनीला स्पर्श होण्याआधी कंडोम चढलेला हवा, ‘शेवटी शेवटी’ नाही. पुडीतला कंडोम बोटाने एका बाजूला सारा आणि दुसऱ्या कडेला फाडा. दात, कात्री, अंगठी, वाढलेलं नख, चारही नकोत. बाहेर काढल्यावर दिशा बघा: गुंडाळलेली कड बाहेरच्या अंगाला असली पाहिजे, टोपीच्या कडेसारखी. उलट बाजूने टेकवला तर तो उलगडत नाही. अशा वेळी तोच पालटून वापरायचा मोह होतो. वापरू नका. लिंगावरचा पहिला स्राव त्याच्या बाहेरच्या बाजूला लागलेला असतो, नवा घ्या.

पुढची कातडी मागे सारा. टोकाचा सेंटिमीटरभर भाग चिमटीत दाबून हवा काढा आणि चिमूट न सोडता दुसऱ्या हाताने थेट बुडापर्यंत उलगडा. ती चिमूट वीर्याला जागा ठेवण्यासाठी असते. हवा अडकली की सगळा दाब टोकावर येतो आणि तिथेच फुटतो. मग बाहेरून जेल लावा.

वीर्यस्खलनानंतर आत रेंगाळायचं नाही. ताठरपणा उतरायच्या आत बुडाशी कड धरून लिंग बाहेर काढा, कंडोम जोडीदाराच्या अंगापासून दूर उतरवा, गाठ मारा आणि कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. संडासात टाकलात तर काही दिवसांनी चेंबर साफ करायला आलेल्या माणसाच्या हाती तो लागतो. दुसऱ्या वेळेला दुसरा कंडोम.

काय बिघडलं, का बिघडलं

टोकाला फाटला असेल तर हवा राहिली होती किंवा कोरडं होतं. बाजूला चीर असेल तर नख, अंगठी किंवा दात. बुडाजवळ फाटला, तर घट्ट. पूर्ण निसटून आत राहिला तर सैल, किंवा आत जेल जास्त, किंवा काढताना कड धरली नव्हती. दर वेळी घालतानाच ताठरपणा जात असेल तर माप मोठं घ्या, आतल्या थेंबाची आठवण ठेवा आणि घालायचं काम जोडीदाराच्या हाती द्या. तो खेळाचाच भाग झाला की मधला खंड जाणवत नाही. दोन-तीन वेळा वापरून झाला की तिला विचारा: टोचलं का, कोरडं वाटलं का, नंतर जळजळ झाली का. लघवीला तिडीक किंवा वास येणारा स्राव असेल तर कंडोम बदलून उपयोग नाही, तपासणी हवी.

दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण दोन बायकांना दिवस जातात. रोजच्या जगण्यातली धांदल, विसरणं आणि चुका धरून हा आकडा तेराच्या आसपास जातो. यातला बराचसा फरक वापरण्यातल्या ढिसाळपणाचा आहे.

फाटलाच, तर घड्याळ बघा. योनी आतून धुऊन काही होत नाही. मूल नको असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली; मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं गोळीपेक्षाही खात्रीचं. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करा. जोडीदाराच्या एचआयव्हीबद्दल शंका असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा: प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, शक्यतो पहिल्या काही तासांत, आणि ते २८ दिवस चालतं. रात्रीची वेळ असेल, कुठे जावं सुचत नसेल, तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट लागतो, तिथे नाव सांगावं लागत नाही.